कुलपाआडची कांडप

सुगंधा साटमला मी सोळा दिवस रोज सकाळी सहाच्या आत तिच्याच घरात कोंडलं, बाहेरून कुलूप घातलं आणि संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर सोडवलं. कल्पना माझी, कुलूप माझं, किल्लीही माझ्याच पर्समध्ये. तेव्हा पुढे जे वाईट झालं त्यात माझा वाटा किती, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी त्या भानगडीत पडत नाही.

सुगंधा म्हणजे चारकोपच्या आमच्या गल्लीतली मिरची कांडपवाली. वय पंचावन्न. अंगानं काटकुळी, दंड मात्र पैलवानाचे. माहेर-सासर दोन्ही कणकवलीकडचं. सासरा गिरणीत होता, नवरा नंदकुमार एका औषध कंपनीत शिपाई. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. त्याच्या फंडाचे पैसे हातात आले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तिला बँकेत ठेव म्हणून सांगितलं. हिनं डंक घेतला. म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी उखळ, त्यात मोटरवर वर-खाली आपटणारी दोन मुसळं, आणि असा धबधब आवाज की समोरच्या घरात माझ्या कपातला चहा हलायचा. म्हाडाच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची खोली तिनं डंकाला दिली, मागच्या खोलीत स्वतः आणि मुलगी दिशा. दिशा मालाडला एका कॉल सेंटरमध्ये आहे. तिच्या पगारात घर चालतं, कांडपीत भविष्य, असं सुगंधा म्हणायची.

मार्च ते मे हा कांडपीचा हंगाम. वर्षाचा मालवणी मसाला याच दिवसांत होतो. बेडगी, संकेश्वरी, धणे, बडीशेप, दगडफूल, त्रिफळं, आणखी काय काय, पिशव्या भरभरून बायका यायच्या. गोराईहून, मालाडहून, एक तर खारदांड्याहून रिक्षा करून यायची. कारण सुगंधा माल नाकारायची. हो, नाकारायची. ओलसर मिरची परत. बुरशी दिसली तर परत, वर चार शब्द. माझीही पिशवी एकदा तिनं उलटी करून दाखवली होती. ‘काकी, ह्यो कचरो कोणी दिल्यान तुमका? माझ्या उखळात नाय जाऊचो.’ मी दूरध्वनी खात्यात तीस वर्षं माणसं हाताखाली वागवलेली बाई, पण निमूट बाजारात जाऊन दुसऱ्या मिरच्या आणल्या.

तिचं कांडणं बघण्यासारखं असे. घड्याळ नाही, मोजमाप नाही. कान लावून बसायची. मुसळांचा आवाज कोरडा असतो तोवर मसाला कच्चा. तो मऊ, दबका झाला की मोटर बंद. मग हात घालून बघायची. जास्त वेळ कुटला की लोखंड तापतं, मसाला आतल्या आत करपतो, रंग काळपट पडतो, वास उडतो. बाकीचे डंकवाले पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत मशीन चालू ठेवतात, गप्पा मारत. त्यांच्याबद्दल ती जे बोलायची ते मी इथे लिहीत नाही.

आता कर्जाचं. तिनं स्वतः एक रुपया घेतला नव्हता. यांच्या गावच्या वाडीतली एक पद्धत आहे: एकानं दुसऱ्यासाठी सही करायची. कागद काय आहे ते विचारायचं नाही, विचारणं म्हणजे अपमान. नंदकुमारनं ही खोली घेतली तेव्हा वाडीतले धोंडू घाडी त्याला जामीन राहिले होते. वीस-बावीस वर्षांनी धोंडूंचा मुलगा राजेश एका फायनान्स कंपनीचे कागद घेऊन आला. केटरिंगसाठी टेम्पो, भांडी, सगळं घ्यायचं होतं. सुगंधानं उभ्या उभ्या सह्या केल्या. हाताला पीठ होतं म्हणे, तेही पुसलं नाही.

‘अगं, वाचायचंस तरी!’ मी नंतर म्हटलं.

‘धोंडूकाकांनी आमच्या खोलीक सही केल्यानी तेव्हा वाचल्यानी काय? मगे तेंच्या झिलाक मी नाय कशी म्हणू?’

राजेशनं सात-आठ हप्ते भरले. मग केटरिंग बंद, फोन बंद, राजेश गोव्याला की कुठे ते त्याच्या बापालाही ठाऊक नाही. कंपनी कोर्टात गेली. नोटिसा आल्या, त्या सुगंधानं देव्हाऱ्याखाली ठेवल्या. राजेश येऊन निस्तरेल, असा तिचा समज. तारखांना कुणी गेलंच नाही, निकाल एकतर्फी लागला, आणि एप्रिलच्या मध्यावर डंकाच्या जप्तीचं वॉरंट निघालं. तेव्हा कुठे ती ते पुडकं घेऊन माझ्याकडे आली. मी इतकी चिडले की पहिली दहा मिनिटं नुसती ओरडले. मग तिला फुकट सल्ला देणाऱ्या एका वकिलीणबाईंकडे घेऊन गेले. त्या सरळ बोलल्या. निम्मी रक्कम जूनमध्ये कोर्टात भरा, मी बाकीचे हप्ते मागते, मिळण्याची आशा आहे. पण भरायला पैसे हवेत.

पैसे मे महिन्यात होते. मे महिना डंकात होता. एवढं साधं होतं सगळं. डंक मेअखेरपर्यंत टिकला तर बाई तरली.

मी वकिलीणबाईंकडून दोन गोष्टी नीट विचारून घेतल्या. सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतर बेलिफानं जप्तीसाठी घरात शिरायचं नसतं. आणि बाहेरून कुलूप असलं तर बेलीफ सहसा तसा शेरा मारून परत जातो. कुलूप तोडायचं तर कंपनीला पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागतो. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपासून कोर्टाला सुट्टी लागत होती, थेट जूनपर्यंत. म्हणजे काढायचे होते मोजके दिवस.

म्हणून कुलूप. पुढचं शटर खाली, त्याला कुलूप. आत सुगंधा, डंक आणि मिरच्या; दिशा त्याआधीच कामाला निघायची. गिऱ्हाइकं बाजूच्या खिडकीतून पिशव्या द्यायची, तिथूनच मसाला न्यायची. गल्लीच्या तोंडाशी वनमाला बसते, फुलं आणि भाजी विकते. बेलीफ दिसला की तिनं सुगंधाला मिस्ड कॉल द्यायचा. मग मोटर बंद, खिडकी बंद, आतून चिडीचूप.

बेलिफाचं नाव अंबादास. नगरकडचा असावा बोलण्यावरून. रिटायरमेंटला आलेला, पाय ओढत चालणारा. पहिल्यांदा आला तेव्हा शटरवर हात ठेवून उभा राहिला.

‘कुठं गेल्यात बाई?’

‘गावी,’ मी म्हटलं.

‘शटर गरम लागतंय.’

‘मे महिना आहे. तुमच्याकडे गार असतं का?’

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेला. दुसऱ्या वेळीही तसंच. पण त्या वेळी बरोबर कंपनीचा माणूस होता, ओजस नावाचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, कानात ते फोनचं पांढरं बोंडूक. तो शटर लाथेनं वाजवून बघत होता. वनमाला गल्लीच्या तोंडापासून ओरडत आली, ‘ए टायवाल्या, तुझ्या घराचं दार आहे काय ते?’

‘मी टाय घातलेला नाहीये, मावशी.’

‘मग घाल आणि आवळ!’

बायका हसल्या. मीही हसले. आज लिहिताना आठवतंय की आतून सुगंधाचा आवाजसुद्धा नव्हता. ती बाहेर येऊन हसूही शकत नव्हती.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी तिची रया गेली होती. बंद शटर, वर पत्रा, आत मिरची भाजायची शेगडी. खिडकी एकच. संध्याकाळी मी कुलूप काढलं की ती ओट्यावर येऊन बसायची, डोळे लालभडक, बोलायला घसा नसायचा. ‘तुरुंगात निदान फेरी मारूक देतत,’ एकदा म्हणाली. दिशा रडायची. आई, जाऊ दे ना ते मशीन, म्हणायची. सुगंधा तिच्याकडे बघायचीही नाही. मी मात्र रोज सकाळी जाऊन कुलूप घालायचे, आणि हसून म्हणायचे, अजून तीन दिवस, अजून दोन दिवस.

शेवटचा दिवस शुक्रवार. दुसऱ्या दिवसापासून कोर्ट बंद. सकाळी कुलूप घालताना मी म्हटलं, ‘आज संध्याकाळी तुला आइस्क्रीम खायला घालते.’ ती म्हणाली, ‘वनमालाचो मसालो पहिलो काढतंय. तिची लेक बाळंतपणाक येतली.’

पण वनमालाचा मसाला पहिला निघाला नाही. गोराईच्या बाईची पिशवी मध्येच आली, ती घाईत होती. मग दुपारी सुगंधानं वनमालाचा घाणा, म्हणजे एका वेळचा माल, उखळात घातला, आणि तो कुटत असतानाच शेगडीवर पुढच्या गिऱ्हाइकाच्या मिरच्या भाजायला घेतल्या. पावणेचारला वनमालाचा मिस्ड कॉल आला. सुगंधानं मोटर बंद केली. अर्धा कुटलेला मसाला उखळातच राहिला. खिडकी लावली. गॅसही बंद केला. पण कढई लोखंडाची, जाड बुडाची. गॅस बंद झाला तरी ती काही लगेच निवत नाही. आतल्या मिरच्या भाजत राहिल्या. मग करपायला लागल्या.

अंबादास आणि ओजस शटरपाशी आले तेव्हा मी माझ्या दारात उभी होते. ओजसनं नाक वर केलं.

‘सर, वास येतोय.’

‘येतोय,’ अंबादास म्हणाला आणि ओट्यावर बसला. ‘मिरची कांडपीच्या दुकानाला वास येणारच की. भिंतीत मुरलेला असतो.’

‘सर, हा आत्ताचा आहे. आत कुणीतरी आहे.’

‘कुलूप बाहेरून आहे, साहेब.’

‘तेच तर! ड्रामा आहे सगळा. आज नाही झालं तर जून. माझे सीनियर मला सोडणार नाहीत.’

‘मग तुम्हीच जाऊन बसा आत,’ वनमाला म्हणाली. ती टोपली सोडून आली होती. ‘कुलूप गिळून आत जा.’

पाच मिनिटं गेली. शटरच्या खालच्या फटीतून मिरचीचा खकाणा बाहेर यायला लागला. दिसत नव्हता, पण घशाला कळत होता. पहिल्यांदा ओजस खोकला. मग अंबादास. मग वनमाला, मी, ओट्यावर जमलेल्या सगळ्या बायका. सगळी गल्ली खोकत होती. फक्त शटरच्या आतून आवाज नव्हता. आम्ही उघड्यावर होतो. ती त्या पत्र्याखाली, बंद खिडकीआड, त्या कढईशेजारी होती, आणि खोकत नव्हती.

अंबादासनं डोळे पुसले. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, किल्ली कुणाकडं आहे?’

‘मला काय माहीत!’

‘बरं.’ तो पुन्हा खोकला. ‘ज्याच्याकडं असंल त्याला सांगा, मी कुलूप तोडणार नाही. मला तसा हुकूम नाही. पण आत माणूस असंल तर त्याला मारायचाबी मला हुकूम नाही.’

आतून एक आवाज आला. खोकल्याचा नव्हे. तोंडात पदर कोंबून माणूस उबळ दाबतं तसला. मग भांडं पडलं. मग काही नाही.

मी शटरला तोंड लावलं. ‘सुगंधा!’

‘काकी,’ अगदी बारीक, घासल्यासारखा आवाज, ‘उघडू नकात.’

‘खिडकी उघड, मूर्ख!’

‘तेंका दिसात. उघडू नकात, काकी. थोडोच वेळ. जातले ते.’

‘बघा, बघा, आहे आत!’ ओजस म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता, आणि मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ‘सर, नोट करा.’

मी पर्स उघडली. वनमालानं माझा हात धरला. ‘काकी, नका. दोन-तीन तासांचा प्रश्न आहे.’

‘तेवढ्यात ती मरेल.’

‘नाही मरणार, तिची छाती लोखंडाची आहे. काकी, तिचं सगळं जाईल!’

मी हात सोडवला. कुलूप काढलं. शटर वर करायला अंबादास मदतीला आला, आणि आतून जो लोट अंगावर आला त्यानं आम्ही सगळे मागे सरलो. सुगंधा डंकाला टेकून जमिनीवर बसली होती. तोंडात पदराचा बोळा, चेहरा जांभळा. वनमालानं तिला ओढून बाहेर काढलं. अंबादासनं आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या डोळ्यांवर मारलं. ती इतकी खोकली की शेवटी ओट्याखाली ओकली. आणि श्वास येताच पहिलं काय केलं असेल तर माझ्याकडे बघून म्हणाली:

‘तुमी उघडलात.’

मी कुलूप पर्समध्ये टाकलं.

आता बेलिफाला अडवणारं काही उरलं नव्हतं. दार आम्हीच उघडलं होतं. दिवस होता, घरमालकीण हजर होती. अंबादासनं कढई स्वतः उचलून बाहेर ठेवली, खिडकी उघडली, आणि मग कागद काढले. पंचनाम्याला दोन पंच हवेत म्हणाला. पंच म्हणजे गल्लीतलीच माणसं, ज्यांनी शेजारणीची वस्तू उचलली जाताना उभं राहून सही करायची. कुणी पुढे येईना. ओजसनं कोपऱ्यावरच्या दोन रिक्षावाल्यांना पंच केलं. फोन करून टेम्पो मागवला. तो मालाडहून यायचा होता, वेळ लागणार होता.

तेवढ्यात सुगंधा उठली आणि आत जाऊन तिनं डंकाला मिठी मारली. दोन्ही हात मुसळांभोवती.

‘माझ्या घोवाच्या फंडाचो आसा. कोण हात लावता बघतंय.’

‘मॅडम, प्लीज,’ ओजस पुढे झाला. त्यानं प्लग ओढला आणि तिचा हात सोडवायला गेला.

बायकांनी एकच कालवा केला. वनमालानं त्याची कॉलर धरली. ‘बाईमाणसाला हात लावतोस? आण तुझ्या कंपनीला, एकेकाला या उखळात घालते!’

‘हात लावू नका बाईला!’ अंबादास ओरडला. एवढा आवाज त्याच्याकडे असेल असं वाटलं नव्हतं. ‘ओ साहेब, बाहेर व्हा. माझ्या जप्तीत बाईच्या अंगाला हात नाही. बाहेर!’

ओजस बाहेर गेला, शर्ट झटकत, काहीतरी पुटपुटत. अंबादास सुगंधापासून दोन हात अंतरावर उकिडवा बसला. ‘बाई, मी काय तुमचा दुष्मन आहे का? तुम्ही सही केली, कोर्टानं लिहिलं, मी न्यायला आलो. उद्या मी नसलो तर दुसरा येईल. तो पोलीस घेऊन येईल. सोडा.’

तिनं मुसळांवर कपाळ टेकलं. मग हात सोडले आणि उखळात बघितलं.

‘हेच्यात घाणो आसा,’ ती म्हणाली. ‘वनमालाचो. अर्धोच झालो हा. असो ठेवलंय तर फुकट जातलो.’

‘किती वेळ लागंल?’

‘होईस्तवर.’

अंबादासनं खिडकीबाहेर बघितलं. सव्वापाच वाजले होते. मग तो ओजसला ऐकू जाईल असं, मोठ्यानं बोलला. ‘यंत्रातला माल दुसऱ्याचा आहे. तो मला नेता येत नाही. बाईंनी तेवढा काढून द्यायचा. नवीन घालायचं नाही. आहे तेवढा घाणा. झाला की मशीन उचलायचं.’ आणि खाली बघत, आवाज न बदलता: ‘सूर्य मावळल्यावर मी वस्तू हलवत नाही. आजवर हलवली नाही. तवर झालं तर झालं.’

‘म्हणजे काय, सर?’ ओजसनं विचारलं.

‘म्हणजे तेच. सावकाश होऊ द्या बाई. मला घाई नाही.’

त्यानं प्लग परत लावला, खुर्ची मागवली, आणि ती रस्त्याकडे तोंड करून ठेवून बसला. डंकाकडे पाठ.

मला कळलं. वनमालाला कळलं. ओट्यावरच्या बिनशिकलेल्या म्हातारीलाही कळलं. सूर्य सातला बुडतो. पावणेदोन तास घाणा उखळात ठेवायचा, मोटर चालू ठेवायची, की झालं. उद्या कोर्ट बंद. मे महिना हातात. निम्मी रक्कम हातात. आयुष्यात कुणी एवढं सरळ दार उघडून देत नाही, आणि देणारा होता बेलीफ.

सुगंधानं मोटर लावली. धबधब सुरू झाली. मी तिच्याजवळ गेले आणि कानाशी म्हटलं, ‘सातपर्यंत चालू ठेव. समजलं? सात.’

ती कान लावून बसली होती. माझ्याकडे तिचं लक्ष होतं की नाही, कोण जाणे.

साडेपाच. पावणेसहा. ओजस घड्याळ बघत होता, टेम्पोवाल्याला फोनवर शिव्या देत होता. अंबादासनं तंबाखू मळली. मुसळांचा आवाज कोरडा होता, मग हळूहळू मऊ व्हायला लागला. मी इतकी वर्षं समोर राहून तो आवाज ओळखायला शिकले होते, आणि त्या दिवशी मला तो ऐकू येऊ नये असं वाटत होतं.

सहाला पाच मिनिटं कमी होती. सुगंधानं बटणाकडे हात नेला.

‘ए!’ वनमाला ओरडली. ‘बंद करू नको गं! माझा मसाला आहे, मी सांगते ना! जाळ त्याला! काळा होऊ दे, राख होऊ दे, मला चालेल!’

सुगंधाचा हात तिथेच थांबला. तिनं उखळाकडे बघितलं. मी बघत होते तिचा चेहरा. ती विचार करत नव्हती असं कुणी म्हणेल तर खोटं आहे. ओठ हलत होते, घाम गळत होता. ती दोन मिनिटं तशी थांबली. कदाचित तीन. मसाल्याचा वास बदलायला लागला. अगदी किंचित, तव्यावर राहिलेल्या भाकरीचा येतो तसा. तो वास तिच्या नाकात गेला आणि तिनं मोटर बंद केली.

मागे अंबादासनं मान खाली घातली. वळून बघितलं नाही.

‘मूर्ख!’ मी म्हटलं. सगळ्यांसमोर. ‘महामूर्ख आहेस तू!’

‘तो झालो, काकी,’ ती म्हणाली. रडत होती, पण हात उखळात होते, मसाला वर-खाली करत होते, गार करत होते. ‘झालो तो. माका नाय जमाचा. तिची लेक बाळंतपणाक येतली, तिका काय मी काळो मसालो घालू?’

‘मी म्हटलं ना मला चालेल!’ वनमाला किंचाळली.

‘तुका चलात गो. माका माझ्या कानानं ऐकूक येता.’

सहा वीसला टेम्पो आला. तोवर तिनं मसाला चाळून, दोन बरण्यांत भरून, वर हिंगाचे खडे ठेवून वनमालाच्या हातात दिला होता. वनमालानं बरण्या घेतल्या आणि जमिनीवरच बसली. चार हमालांनी डंक उचलला. जमिनीत बोल्ट होते, ते सुगंधानंच पाना आणून सोडून दिले, कारण हमाल हातोडा मारायला निघाले होते आणि डंकाचा पाय तुटला असता. अंबादासनं पंचनामा वाचून दाखवला, सही घेतली. जाताना माझ्यापाशी थांबला.

‘मॅडम, मी काय करणार? तिनं बंद केलं.’

‘जा तुम्ही,’ मी म्हटलं. त्याच्यावर राग काढायला मला जागा नव्हती.

टेम्पो वळला तेव्हा सूर्य समोरच्या इमारतीच्या टाकीवर होता. चांगला अर्धा तास उजेड बाकी होता.

जूनमध्ये भरायला रक्कम नव्हती. हप्ते मिळाले नाहीत. डंक लिलावात गेला, कुणी घेतला ठाऊक नाही, आणि आलेली रक्कम व्याजाच्या तोंडालाही पुरली नाही. आता कंपनीचे लोक खोलीबद्दल बोलतात. दिशाचं लग्न ठरत होतं ते थांबलंय. वकिलीणबाई नवीन अर्ज करतायत, मी बरोबर जाते, आणि सुगंधा मागे बाकावर बसून असते, दुसऱ्याच कुणाचं काम असल्यासारखी.

यंदाच्या हंगामात ती रोजावर मालाडला जाते, दुसऱ्यांच्या डंकावर. पहिल्या मालकानं तिला बारा दिवसांत काढलं. गिऱ्हाईक समोर उभं असताना तिनं मालकाचा हात बटणावरून बाजूला सारून मशीन बंद केलं. मालक म्हणाला, मशीन कुणाचं आहे? ही म्हणाली, मशीन तुझा, मसालो तिचो. दुसऱ्यानं तीन आठवडे ठेवलं. आता तिसरीकडे आहे. परवा मी सकाळी दूध घ्यायला उतरले तर ती शटर ओढून घेऊन निघाली होती. खोलीत आता काहीच नाही, तरी शटर ओढते.

‘तिथे तरी गप बस,’ मी म्हटलं. ‘काय ते मशीन चालू ठेवू दे त्यांना.’

‘बसतंय की गप,’ ती म्हणाली. ‘कानात कापूस घालून बसतंय.’

आणि खरंच तिनं पिशवीतून कापसाची पुडी काढून मला दाखवली.